उस्तादचं बोट

हे मी कोणालेच सांगितलं नाही. बायकोले नाही, भावाले नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून जमून राह्यलं असंन – कोण जाणे.

आर्णीत आमचं टायरचं दुकान आहे. आमचं म्हणजे देवराव उस्तादचं. मी पंधरा वर्षांपासून त्यायच्या हाताखाली. जुन्या अमेरिकन गाड्यायची चाकं ओळखावी तर उस्तादनंच. कंपनीतून गाडीसोबत आलेलं कोणतं, मागून बसवलेलं नकली कोणतं – वॉल्वच्या भोकाजवळ ठोकलेला नंबर बोटानं चाचपून सांगत. मोतीबिंदू झाल्यावरही चुकले नाहीत.

नागपूरचे एक साहेब आपल्या जुन्या गाडीसाठी तसलीच चाकं शोधत होते. एकाच सालात, थोड्याच गाड्यायले लागलेली. उस्तादले ती फुलसावंगीत सापडली – कुठं, तर एका बैलबंडीले. जिनिंगवाल्या शेठची गाडी भंगारात गेली अन् चाकं बैलायमागं लागली. दर पोळ्याले त्यायच्यावर ऑइलपेंटचा नवा हात. नंबर पार बुजलेला. साहेबाले तिथं नेलं, त्यायच्यासमोर उस्तादनं नंबरावर बोट फिरवलं अन् म्हणाले, "अस्सल आहे."

साहेब खूश. म्हणे, असा माणूस अख्ख्या विदर्भात नाही. मी बाजूले पाना धरून उभा. माह्याकडं पाह्यलंही नाही त्यायनं. एवढंच – खरंच एवढंच झालतं. मले इतकं कायले झोंबलं?

मंग उस्तादच म्हणाले, "बापू, रंग खरवडून पाहून घे. माह्या डोळ्याचा भरोसा नाही."

मी खरवडला. नंबर निघाला – पुरा, साफ, अस्सल चाकाचाच. अन् मी म्हणालो, "नकली आहे, उस्ताद. आकडे जुळत नाहीत."

जीभ कशी उचलली, विचारता? अलगद. साहेबाले त्या आकड्यातलं काय कळते? निघून गेले. मले वाटलं होतं उस्ताद भांडतील, चांगले झापतील. त्यायनं फक्त बोट दुपट्ट्याले पुसलं.

त्याले चार वर्षं झाली. त्या दिवसापासून उस्तादनं चाकाले हात लावला नाही. दुकानात येऊन बसतात. गिऱ्हाईक आलं की म्हणतात, बापूले दाखवा, माह्या बोटातलं गेलं आता.

लाज वाटते. पण खरं सांगू? ते असं म्हणतात तवा थोडं गोडही वाटते – अजूनही.

काल असंच एक चाक आलं. मी अस्सल म्हणून सांगितलं. गिऱ्हाईक गेल्यावर उस्ताद हळूच म्हणाले, "कसं ओळखलं, बापू?" अन् मी त्यायले नंबर कसा वाचायचा ते समजावून सांगत बसलो. ते मन लावून ऐकत होते.