साडूंचा आतला रस्ता

आमच्या साडूंना सरळ रस्त्याचं वावडं आहे. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढली, पण तिथून घरी एका वाटेनं सलग दोन दिवस आले असतील तर शपथ. स्वतःच्या लग्नाचं वऱ्हाडही त्यांनी असं आडवळणानं नेलं, की मुहूर्त टळता टळता राहिला. "हमरस्त्यावर काय दिसतं? पुढच्या ट्रकचा पार्श्वभाग!" हे त्यांचं तत्त्वज्ञान. दुसरी निष्ठा टायरवर. थांबा चहाचा असो की देवदर्शनाचा, आधी हवा तपासणार आणि थोडी जास्तच भरून घेणार. "टायर टणक, तर माणूस निर्धास्त!"

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं त्यांच्या गाडीनं जैसलमेरला गेलो. वाळूच्या टेकड्यांवरून सूर्यास्त पाहायचा, एवढी एकच ताईंची इच्छा होती, आणि हातात संध्याकाळही एकच होती. टेकड्या अर्ध्या तासावर आल्या आणि साडूंना डावीकडे एक कच्ची वाट दिसली. "आतून घेऊ. सीन बघा काय आहे!" ताई म्हणाल्या, "अहो, आज नको ना." तोवर गाडी वळलीही होती. पाच मिनिटांत चाकं वाळूत रुतली. आम्ही ढकलली, तशी आणखीच खाली गेली. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं टायर दाबून पाहिलं आणि तो हसला. "हवा निकालो, बाबूजी. नरम टायर रेत पे चलेगा."

साडूंचा चेहरा पाहवेना. पण ताईंकडे एकदा बघून ते मुकाट्यानं चाकापाशी बसले आणि स्वतःच्या हातानं हवा सोडू लागले. सूर्य झरझर खाली चालला होता. "चुकलं माझं," ते म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. ताईंनी वाळूवर चादर अंथरली, चिवड्याचा डबा उघडला, म्हाताऱ्याला पहिली मूठ दिली आणि म्हणाल्या, "इथून काय वाईट दिसतोय? या, बसा." चौथ्या चाकाची हवा तशीच ठेवून साडू त्यांच्याशेजारी जाऊन बसले. सूर्य बुडाल्यावरच उठले.

यंदा नजर अधू झाली, म्हणून त्यांनी गाडी चालवणं सोडलं. परवा दोघांना वणीला देवीच्या दर्शनाला मीच घेऊन गेलो. दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागांतून जाणारी एक वाट आली. साडूंनी तिकडे मानही वळवली नाही. मीच गाडी हळू करून त्यांना विचारलं, "दादा, आतून घेऊ?"

"नको, उशीर होईल."

"होऊ दे," मागून ताई म्हणाल्या. "वळवा तुम्ही."

मी गाडी वळवली. ताई पुढे सरकल्या आणि डावीकडे काय काय दिसतंय, ते एकेक करून साडूंना सांगू लागल्या.