चार मॉनिटरवर एकच उतार

मी सैन्यात सिग्नलमध्ये होतो. शेवटचं पोस्टिंग बर्फातल्या एका पोस्टवर. आता शेंद्र्याहून रोज कॉलेजला येतो. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वार्षिक अंकासाठी सरांनी लिहायला सांगितलं. नीट जमेल की नाही, माहीत नाही. जे झालं ते लिहितो.

पोस्टसमोरच्या उतारावर कॅमेरा होता. बर्फाला तडा नाही हे पाहूनच पेट्रोलला, म्हणजे गस्तीच्या तुकडीला, खालच्या नाल्यात सोडत. कॅमेऱ्याचं चित्र एका कॉम्प्युटरवर येई. तिथून स्प्लिटर नावाची छोटी पेटी ते चार मॉनिटरना वाटून देई. मेजर साहेबांच्या बंकरपर्यंतची केबल लांब होती. तिथं पोहोचेपर्यंत सिग्नल कमजोर होऊन चित्र दुहेरी दिसे. मध्ये बूस्टर लावायचं काम माझ्याकडे होतं.

नाईक सलीम शेख मुकुंदवाडीचा. पोस्टवर आम्ही दोघंच इकडचे. त्या दिवशी ०६०० ला पेट्रोल घेऊन निघताना तो डोकावला.

"काय मियाँ, टीव्ही लागंना का अजून?"

"लागतो. तू नीघ."

"मेजर साबकू दो-दो पहाडां दिखते. एक तरी नीट दाखव की!"

०६२० ला बूस्टर लावला. चारही मॉनिटरसमोर जाऊन पाहिलं. दगडाची कडासुद्धा एकेरी दिसत होती. मला बरं वाटलं.

०६४५ ला सलीम रेडिओवर आला.

"नाल्याच्या तोंडाशी आहे. उतार कसा आहे? ओव्हर."

"चारही मॉनिटर ओके. उतार शांत. ओव्हर."

मेजर साहेबांनीही त्यांच्या मॉनिटरवर पाहून परवानगी दिली.

"रॉजर. उतरतोय. आउट."

०६५१ ला बाहेर मोठा आवाज झाला. मी मॉनिटरकडे पाहिलं. उतार जागच्या जागी होता. आवाज चालूच होता. मग चित्राच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. ०६१८. कॉम्प्युटर हँग झाला होता. स्प्लिटर तेच थांबलेलं चित्र चारही ठिकाणी देत होता. बूस्टर ते स्वच्छ पोहोचवत होता.

आधी वेळ वाचायची, मग चित्र, असा आमचा नियम. त्या सकाळी मी फक्त कडा पाहिल्या.

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगमध्ये ०६३४ ला तडा दिसतो. पेट्रोलमधले तिघं बर्फातून जिवंत बाहेर निघाले. सलीम १११५ ला सापडला. वय एकतीस.

चौकशीत मी वेळेचं सांगितलं. कागदावर 'यंत्रातील बिघाड' असं आलं.

सुट्टीत मुकुंदवाडीला गेलो. त्याच्या अम्मीला सगळं सांगितलं, ०६१८ सुद्धा. मॉनिटर, केबल हे त्यांना समजलं की नाही, कळलं नाही. बराच वेळ त्या ओढणीचं टोक सरळ करत होत्या.

"उतरने से पहले उसने पूछा था?"

"हां, अम्मी."

"और तू ठीक है बोला."

"हां."

"तो वो तेरे कहे पे गया."

"हां, अम्मी," मी म्हणालो.