हिडाल्गोची आई

काशीनाथ रामटेके दिल्लीतल्या एका मंत्रालयातून निवृत्त झाले, तोवर त्यांची पत्नी कमलाबाई गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं, आणि एकुलती एक मुलगी समता डॉक्टर व्हायला फिलिपिन्सला, मनिलाला निघून गेली होती. द्वारका भागातल्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर ते एकटेच राहत. खाली पार्कात निवृत्त मंडळींचा घोळका जमायचा, पण हिंदीतल्या राजकारणाच्या त्या गप्पांत काशीनाथ दोन मिनिटं उभे राहत आणि दूध आणायचं निमित्त काढून सटकत.

समता दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. जेवलीस का, हो जेवले, अभ्यास, चालू आहे. एवढं झालं की दोघंही आपापल्या पडद्याकडे बघत बसायची. घरात बोलायचं काम कमलाबाईंचं होतं. बापलेकींना त्याची सवयच नव्हती.

एका रविवारी समता घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातून बोलत होती. मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. पाण्यानं भरलेलं शेत, वाकलेल्या बायका, आणि ऊन त्यांच्या पाठीमागून येणारं. काशीनाथांनी तिला फोन जवळ न्यायला सांगितला. चष्मा पुसून ते पडद्याशी वाकले.

"ही तर रोवणी आहे," ते म्हणाले.

रोवणी हा शब्द दिल्लीत वाढलेल्या समताला माहीत नव्हता. मग त्यांनी सांगितलं. भंडाऱ्याकडे धानाची रोपं उपटून त्यांच्या जुड्या करतात आणि चिखलात ओळीनं लावत मागे मागे सरकतात. त्यांची आई लोकांच्या बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांत, रोवणीला जायची. संध्याकाळी तिच्या पायांची बोटं पांढरीफटक पडलेली असायची. समतानं हे पहिल्यांदाच ऐकलं. घरमालकिणीला विचारून तिनं सांगितलं की चित्रकाराचं नाव अमोर्सोलो, आणि तिथे हा माणूस घराघरांत माहीत आहे.

पुढच्या रविवारी ती तिथल्या चित्रसंग्रहालयात गेली आणि तिथूनच तिनं कॉल लावला. प्रवेश फुकट आणि आत एसी, असं ती हसत म्हणाली, पण गेली ती बाबांसाठीच. दारातून आत शिरल्याबरोबर हुआन लुना या जुन्या चित्रकाराचं भिंतभर मोठं चित्र होतं. रोमच्या आखाड्यात मेलेल्या लढवय्यांना दोरानं फरफटत नेताहेत, आणि उजव्या कोपऱ्यात एक बाई पाठ वळवून जमिनीवर बसली आहे. समता तेव्हा शरीररचना शिकत होती, ती त्या देहांचे स्नायू बघत राहिली. काशीनाथ म्हणाले, "फोन त्या बाईकडे ने."

तेव्हापासून त्यांना बोलायला विषय मिळाला. आठवडाभर काशीनाथ कॉम्प्युटरवर वाचत आणि रविवारी मुलीला सांगत. अमोर्सोलोला म्हातारपणी मोतीबिंदू झाला तरी त्यानं ब्रश सोडला नाही. अनिता मॅगसेसे-हो नावाची एक बाई बाजारातल्या, शेतातल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायकाच रंगवत राहिली. लुनानं मात्र पॅरिसमध्ये संशयापायी बायकोला आणि सासूला गोळ्या घातल्या आणि तरी कोर्टातून सुटला. हे वाचल्यावर ते फार अस्वस्थ झाले. त्या रविवारी समता पुन्हा संग्रहालयात गेली, तेव्हा त्यांनी लुनाच्या चित्राकडे फोन नेऊ दिला नाही. समोरच्या भिंतीवर त्याच्याच मित्राचं, हिडाल्गोचं चित्र होतं. "चल, आज हेच बघू," म्हणाले.

हे सगळं कुणाला तरी सांगावं म्हणून एकदा ते बुद्धविहारात वंदनेनंतर बोलायला उभे राहिले. मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं. नंतर चहाच्या वेळी त्यांच्यातले जयेश गजभिये जवळ आले आणि मनिलात मुलाला प्रवेश कसा मिळेल ते विचारू लागले. काशीनाथांनी सगळी माहिती दिली. चित्रांबद्दल कुणी काही विचारलं नाही.

समता डॉक्टर झाली. ती परत येईल म्हणून काशीनाथांनी तिच्या खोलीला रंग लावून घेतला. रंग पुरता वाळलाही नव्हता, तेवढ्यात तिचा फोन आला. या वेळी रविवार नव्हता.

"बाबा, इथल्याच विद्यापीठात मला रिसर्चचं काम मिळतंय. मी हो म्हणू का?"

हिडाल्गोबद्दल त्यांनी नुकतंच वाचलेलं होतं. तरुणपणी तो चित्रकला शिकायला युरोपात गेला आणि तीसेक वर्षांनी एकदाच घरी आला, म्हाताऱ्या आईला भेटायला. काही महिन्यांतच माघारी गेला आणि पुढच्याच वर्षी तिकडे वारला. हे ते रविवारी सांगणार होते. आता त्यांनी ते गिळून टाकलं.

"विचारतेस काय? हो म्हण," ते म्हणाले.

हिवाळ्यात समता थोड्या दिवसांसाठी आली. काशीनाथांनी मेथी, वांगी, तिच्या आवडीचं सगळं आणून ठेवलं. पण समोरासमोर बसल्यावर पुन्हा तेच झालं. जेवलीस का, हो जेवले. फोनवर तासभर बोलणारी माणसं एका टेबलाशी गप्प बसू लागली. मग एका दुपारी ते तिला इंडिया गेटजवळच्या चित्रसंग्रहालयात घेऊन गेले. दोघं दालनांतून फिरली, पण चित्र दोघांच्याही समोरच असल्यावर दाखवायचं कुणी आणि सांगायचं कुणाला, असं झालं. बाहेर हिरवळीवर धुरकट ऊन पडलं होतं. तिथे बाकावर बसून काशीनाथांनी तिला हिडाल्गोच्या आईची गोष्ट सांगितली. आपल्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

समतानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिला दुसरी मुलं होती?"

"होती. बरीच भावंडं होती त्याला."

समतानं मान खाली घातली. तिनं बाबांचा हात धरला. धरताना तिला जाणवलं की हा हात आपण कितीतरी वर्षांत धरलेला नाही. मी राहू का, असं ती म्हणाली नाही आणि तिनं ते म्हणावं, असं त्यांनाही वाटत नव्हतं. निदान त्यांनी स्वतःला तसं बजावलं. अंधारायच्या आत दोघं मेट्रोनं घरी आली.

विमानतळावर बॅगांची ट्रॉली तिच्या हाती देताना ते म्हणाले, "आता चित्रं पुरे झाली. रविवारी तू राहतेस ती जागा दाखव मला. काय शिजवतेस, कुठे बसतेस, खिडकीतून काय दिसतं, ते."

रविवारी तिनं दाखवलं. गॅसची एकच शेगडी, दोरीवर वाळणारा पांढरा कोट, खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. मग मैत्रीण बोलवायला आली आणि तिनं फोन ठेवला. काशीनाथ तसेच बसून राहिले. खाली पार्कातून माणसांच्या बोलण्याचा आवाज येत होता. त्यांनी स्वेटर चढवला, दार ओढून घेतलं आणि जिना उतरू लागले.