जाळं कोणाचं?

पुरात मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, जाळं वाहून गेलं आणि ते लोकांचे धान कापायला जाऊ लागले. तलावावर वाढलेला माणूस विळा घेऊन वाकलेला मला बघवत नसे.

त्या वर्षी रमजान दिवाळीच्या आगेमागेच आला. राजुऱ्याचे एक मुसलमान कापड दुकानदार दर रमजानात दानधर्म करायचे. जकात, म्हणजे धर्मानं ठरवलेलं दान, त्यांच्यातल्या गरजूंना, पण सदक्याचा, म्हणजे खुशीच्या दानाचा, हिस्सा कोणत्याही गरिबाला. एरवी तांदूळ वाटायचे. त्या वर्षी म्हणाले, "खाऊन संपते ते काऊन द्यायचं?" आणि मामाजींच्या हाती नवंकोरं जाळं ठेवलं.

आमच्यात रीत अशी, की जाळ्यात ज्याचा पैसा, त्याच्या घरी पहिली मासोळी जाते. ती ज्यानं घेतली तो मालक. पुढे रोजच्या मासोळीत त्याचा वाटा.

पहिल्या मासोळीची टोपली घेऊन आम्ही दुकानात गेलो, तर त्यांनी हातच मागे घेतले. "देल्लं ते देल्लं, भाऊ. त्यातलं मी काई घेत नाई."

मामाजींनी घरी येऊन जाळं खुंटीला टांगलं. "मालकानं मासोळी घेतली नाई. परायं जाळं पाण्यात कसं टाकू?"

माझं डोकंच फिरलं. एकाचा धर्म मासोळी घेऊ देईना, दुसऱ्याची रीत जाळं टाकू देईना, आणि चुलीवर काय चढवायचं ते कोणी सांगेना. चूक कोणाची म्हणावी, तेही कळेना.

शेवटी मी एकटीच दुकानात गेले. "मासोळी घ्या जी, नाईतर जाळं घेऊन जा."

तेही गोंधळले. कापडाचा तागा गुंडाळत म्हणाले, "बाई, तुमच्याहून गरीब कोन आहे गावात? त्याले द्या. समजा, मलेच पोचली."

गावाच्या टोकाला एक विधवा बाई राहायची. तिनं मासोळी आनंदानं घेतली. मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण दुसऱ्या दिवसापासून मामाजी तिचा वाटा वेगळा काढू लागले.

"अजी मामाजी, जाळं आपल्याले देल्लं!"

"पहिली मासोळी तिनं घेतली. जाळं तिचं."

ती बिचारीही चक्रावली. मी तर महिनाभर धुसफुसत होते.

पुढच्या रमजानात मी न् मामाजी दुकानात गेलो, तेव्हा दुकानदारांनी विचारलं, "भाऊ, अजून काई पायजे काय?"

"नोको जी. दुसऱ्या कोनाले द्या. आमची मालकीन चांगली आहे."

"मालकीन?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, कपाळ!

"दोनी घरच्या चुली पेटून राह्यल्या जी," मामाजी म्हणाले, आणि जाळं नक्की कोणाचं, हे भांडण माझ्या तोंडातच राहिलं.