दसऱ्याला धुतलेला स्किमर

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पण त्या फेसाचं एकदा लिहून काढायचं मनात होतं.

सापगावच्या बाजूला एका मॅडमचा बंगला आहे. त्या मुंबईला राहतात, शनिवारी येतात. मी आणि सासू तिथे झाडलोट करतो. सासूच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी मॅडमकडून पैसे उचलले होते. त्यांच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्यातल्या माशांची मोठी काचेची टाकी आहे. ती सांभाळायचे वेगळे पैसे ठरले, आणि ते हातात न घेता उचलीतच वळते करायचे. उन्हाळ्यात बरेच मासे मेले तेव्हा मॅडम म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर टाकीच काढून टाकते. मग मी फेडणार कुठून?

पाणी साफ राहावं म्हणून त्यांनी स्किमर आणला. तो टाकीच्या मागे लटकवतात. आत बारीक बुडबुडे होतात, पाण्यातली घाण फेसाला चिकटून वर चढते आणि वरच्या कपात पडते. बसवला तेव्हा कप कोरडाच. मॅडम फोनवरून सांगत होत्या, मी मान हलवत होते. "अगं, तुझी मान मला दिसत नाही, तोंडाने बोल," त्या म्हणाल्या. हवेचा स्क्रू रोज थोडा थोडा फिरवत गेले, तेव्हा कपात कोऱ्या चहासारखं पाणी जमायला लागलं.

मग दसरा आला. सासू माझ्या आधी बंगल्यावर पोचली. तिने कप काढून भांड्यांच्या पावडरीने लखलखीत घासला, बसवला, वर हळदकुंकू लावून झेंडूचं फूल ठेवलं. मी गेले तर फेस दुधासारखा उतू जाऊन फरशीवर पसरलेला. आधी बटण बंद केलं.

"इळा-कोयता धुतो, मग यालाच कशाला पारोसा ठेवाचा गो?" सासू म्हणाली.

मग मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. साबण राहिला की फेस आवरत नाही, सगळं व्हिनेगरने धू आणि मग साध्या पाण्याने, असं म्हणाल्या. व्हिनेगर आणायला सासूच चायनीजच्या गाडीवर गेली. गाडीवाल्याने नूडल्स नकोत का विचारलं, तर म्हणाली, "नको रे, मशिनीला अंघोळ घालाची हाय."

ड्रममध्ये मीठ कालवून ठेवलेलं पाणी होतं. टाकीतलं थोडं काढून ते घातलं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, म्हणून हवेचा छोटा पंप लावला. स्किमर धुऊन पुन्हा सुरू केला, तरी फेस येतच होता. कपातली घाण बाहेर सोडायला एक नळी असते, तिच्याखाली बादली ठेवली. सासू तिथेच फडकं घेऊन बसली आणि सांडलेला फेस पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी फेस खाली बसला. मासे खायला धावले. शनिवारी मॅडम आल्या तोवर कपात परत काळपट पाणी जमलं होतं, आणि एकही मासा गेला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

टाकी राहिली, तिचं कामही राहिलं. दर महिन्याला पैसे वळते होत गेले. परवा मॅडमनी टाकीचे पैसे पहिल्यांदाच माझ्या हातात ठेवले. मी घेईना, तेव्हा म्हणाल्या, "घे, हे तुझे. ऑपरेशनचे सगळे फिटले."