मांजलपूरचं टॉवर हाऊस

स्कॉटलंडमधल्या एका टॉवर हाऊसची जेवढी काळजी आमच्या समोरच्या काकांना होती, तेवढी खुद्द तिथल्या सरकारला असेल असं मला वाटत नाही. काका रिफायनरीतून निवृत्त झालेले, पणजोबा बडोदे संस्थानच्या फौजेतले. किल्ला म्हटलं की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची. मुलगा तिकडे नोकरीला, म्हणून काका-काकू एकदा काही महिने राहून आले आणि मुलाच्या घराजवळचं ते उंच, दगडी, मनोऱ्यासारखं जुनं घर काकांच्या डोक्यात शिरलं ते कायमचं. भिंती इतक्या जाड की खिडकीत पाट मांडून जेवावं. जिना गोल, अरुंद, आणि शत्रूने अडखळावं म्हणून एक पायरी मुद्दाम उंच केलेली. पण खरी भुरळ पडली ती त्याच्या दर्जाची. "सरकारी यादीत ‘अ’ दर्जा! मालक असला म्हणून काय झालं, विचारल्याशिवाय एक खिडकी बदलता येत नाही," असं ते सांगत, जणू परवानगी हेच देणार होते.

परत आल्यावर त्यांनी इथे बडोद्यातही दर्जे वाटायला सुरुवात केली. नाक्यावरच्या सेव-उसळच्या गाडीला ‘अ’, सोसायटीच्या बाकाला ‘ब’ आणि माझ्या स्कूटरला ‘क’. मी रुसलो तर म्हणाले, "अरे, ‘क’ म्हणजेसुद्धा भंगारात द्यायला बंदी!" एकदा पुण्याच्या पाहुण्यांना लहरीपुऱ्याच्या बाजारात साड्या घ्यायला नेलं. दुकानात गादीवर बसल्या बसल्या काकांनी सुरू केलं, की टॉवर हाऊसचं दार पहिल्या मजल्यावर का असे, शत्रू आला की शिडी वर कशी ओढून घेत. दुकानदार हातात साडीचा पदर धरून बराच वेळ ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "काका, ए बधु बरोबर, पण साडी लेवी छे के नई?"

काकांच्या स्वतःच्या दोनमजली टेनामेंटला, म्हणजे आमच्या समोरच्या त्या घराला, अर्थातच ‘अ’ दर्जा होता. काकूंना खिळा ठोकायचा झाला तरी परवानगी लागे. जिना मात्र चढा, आणि काकूंचे गुडघे दुखू लागले, तसा मुलगा फोनवर म्हणू लागला, घर विका, लिफ्टचा फ्लॅट घ्या. घेणारा बिल्डर ते पाडणार हे उघड होतं. "हेरिटेज विकत नसतात!" काका फोनमध्ये गरजत, ते आम्हाला समोर ऐकू येई.

मग उन्हाळ्यात पापड वाळत घालायला निघालेल्या काकू जिन्यात अर्ध्यावर बसल्या त्या उठेचनात. काकांनी हाक मारली म्हणून मी धावलो. दम खात काकूंनी विचारलं, "अहो, तुमच्या त्या टॉवरात राहतं का कुणी?"

"छे! आता लोक नुसते बघायला येतात."

"मला अजून राहायचंय हो."

पापडांचं ताट काकांनी स्वतःच गच्चीवर नेलं.

दिवाळीच्या आत ते तरसालीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. काकू आता रोज संध्याकाळी एकट्या खाली उतरतात, बायकांत बसतात, छान हसतात. काका लिफ्टमध्ये सापडेल त्याला टॉवर हाऊस ऐकवतात; बिचाऱ्याला मध्येच उतरताही येत नाही. इकडे समोरचं घर पाडलं गेलं आणि मला फार चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

शनिवारी दोघं मांजलपूरच्या मारुतीला येतात, तेव्हा देवळात भेट होते. आमच्या गल्लीतून देऊळ अगदी जवळ, पण काका मोठ्या रस्त्याने वळसा घालून गाडी आणतात. काकू मागे बसलेल्या असतात. इतक्या लांबून कशाला, असं त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.