फोनला दिलेला हुंकार

उंब्रजहून इस्लामपूरच्या शाळेत शिकवायला मी रोज एसटीने जाते. शेजारच्या सीटवरच्या बाईची सुनेबद्दलची तक्रार ऐकायची नसेल तर कानात काहीतरी घालावं लागतं, आणि त्यातूनच मला पॉडकास्टचा नाद लागला. कुणी ग्रहतारे समजावतं, कुणी संसार कसा करावा ते सांगतं. बहुतेकांचा मला कराड यायच्या आतच कंटाळा येतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

एकदा बोट घसरलं आणि भलताच भाग लागला. कुणी निवृत्त जवान बर्फातल्या चौकीबद्दल बोलत होता. "आमी चौघं व्हतो. आन् थंडी म्हंजे लय बेकार." मी सीटवर ताठ बसले. शाळेत मुलं 'हाय', 'न्हाई' म्हणाली की मी 'आहे', 'नाही' करून घेते. तीच बोली आज माझ्या कानात रुबाबात बोलत होती, आणि जगात कुठेही कुणालाही ऐकू जात होती. अंगावर काटा आला. त्याची खोड एकच. वाक्य संपलं की तो थांबायचा, इतका की नेट गेलं असं वाटावं.

माझे वडीलही फौजी. आबांइतका बोलका माणूस आमच्या आळीत नव्हता. सुट्टीवर आले की गोष्टी सांगायचे, पण अट असायची, ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. प्रत्येक वाक्याला 'हं'. हुंकार थांबला की गोष्ट बंद, मग कितीही रडा. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. काठी घेऊन चालायला लागले, पण वाचा परतली नाही. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याशी बोलत राहा. येईलही, नाहीही." आबा दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. हा माणूस आता माझ्याशी कधीच बोलणार नाही, या भीतीने मला घरी पाऊल टाकवत नसे.

एका रविवारी आबांच्या खाटेजवळ मेथी निवडताना मी तो जवान मोठ्याने लावला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, कुणाचा फोन हाय? मगाधरनं त्यो एकटाच बोलतोय. तू बी बोल की कायतरी."

हा फोन नाही, आधीच बोलून ठेवलेलं आहे, असं मी तिला समजावलं.

"मग त्याला कसं कळायचं, कुनी ऐकतंय का न्हाई?"

तेवढ्यात जवान नेहमीसारखा थांबला आणि खाटेवरून आवाज आला, "हं."

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. जवानाने पुढचं वाक्य टाकलं, थांबला. आबा म्हणाले, "हं." तेव्हा मला उमगलं, त्याच्याही घरी तीच अट असणार. कुठल्याशा खोलीत माईकसमोर एकट्याने बसून त्या माणसाने प्रत्येक वाक्यानंतर हुंकारापुरती जागा सोडली होती, आणि ती आमच्या घरात भरून निघत होती. एवढं थक्क मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

मग रोज शाळेतून आले की हाच कार्यक्रम. शब्द मात्र येईना. 'हं'च्या पुढे गाडी जात नव्हती, आणि मीही तेवढ्यावर समाधान मानायला शिकले.

एका संध्याकाळी आबा बशीतून चहा पीत होते. जवान हिमवादळात सापडला होता. तो थांबला, पण आबांच्या तोंडात चहाचा घोट होता, हुंकार राहून गेला. नेमकं त्याच वेळी आमचं नेट गेलं. आबांनी घाईने बशी खाली ठेवली. "हं," म्हणाले. फोन गप्प. "हं. हं." त्यांचा चेहरा कसनुसा झाला. आपण चुकलो म्हणून गोष्ट बंद पडली, असं त्यांना वाटलं होतं. ते फोनकडे वाकले, ओठ जुळवले, आणि म्हणाले, "म्होरं?"

आई दारात येऊन उभी राहिली. नेट येईना. आबा वाट बघत होते, आता कुणीतरी पुढे सांगणं भागच होतं. मला सुचली ती आबांचीच जुनी गोष्ट. "धुकं लय दाटलं," मी सुरू केलं. "वाट दिसंना."

"हं."

"संगं फकस्त एक खेचर. पांढरंशुभ्र."

"न्हाई," आबा म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "काळं."

मला रडू आवरेना. आबा मात्र माझ्याकडे एकटक बघत थांबले होते. मला वाटलं, पुढचा शब्द शोधताहेत. मग कळलं, शब्द त्यांच्याकडे होता.

"हं," मी म्हटलं.